दोन देशांच्या सांध्यावर

२०१८च्या सुरुवातीला युरोपातल्या कितीतरी घरांत ओव्हनवरची आणि रेडिओवरची घड्याळं मागे पडू लागली. भिंतीवरची सेलची घड्याळं बरोबर होती, मोबाइलही बरोबर. प्लगला लावलेली घड्याळं तेवढी रोज थोडी-थोडी उशीर करत होती, आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत हा उशीर सहा मिनिटांच्या घरात गेला. दुरुस्तीवाल्याला बोलावून काही उपयोग नव्हता, कारण बिघाड होता सर्बिया आणि त्याच्यापासून फुटून निघालेला कोसोव्हो यांच्या वादात.

ही घड्याळं विजेची आवर्तनं मोजून वेळ दाखवतात. पन्नास आवर्तनं झाली की एक सेकंद पुढे. पोर्तुगालपासून तुर्कस्तानपर्यंतची ग्रीड, म्हणजे वीज वाहून नेणारं जाळं, एकत्र जोडलेली आहे, त्यामुळे तिच्यातली सगळी जनित्रं एकाच ठेक्यात फिरतात. जितकी वीज ओढली जाते तितकी तयार झाली नाही, तर हा ठेका सगळीकडे एकदमच मंदावतो. म्हणून प्रत्येक देशाने आपल्या वाट्याची तूट आपणच भरून काढायची, असा नियम आहे. शेजारी पहिल्या काही सेकंदांत आपोआप हात देतात, पण ती तात्पुरती उसनवारी असते. त्या हिवाळ्यात कोसोव्होत वीज कमी पडली. ती भरून काढणं कुणाचं काम यावर सर्बिया आणि कोसोव्होचं जमेना, आणि जानेवारीच्या मध्यापासून उसनवारी फिटलीच नाही. एकूण तूट ११३ गिगावॅट-तासांवर गेली. ग्रीडची सरासरी वारंवारता ५० ऐवजी ४९.९९६ हर्ट्झ राहिली.

चार सहस्रांशांचा फरक कुणाला कळणार? दिवे फडफडले नाहीत, यंत्रं थांबली नाहीत, कारण सुरक्षेच्या दृष्टीने एवढा फरक किरकोळ असतो. पण हिशेब करून बघा. एका दिवसाचे ८६,४०० सेकंद. त्यांवर पन्नासामागे चार सहस्रांश म्हणजे रोज साधारण सात सेकंद. पन्नासेक दिवसांत साडेतीनशे. ज्यांना हा वाद नकाशावरही दाखवता आला नसता, अशा पंचवीस देशांतल्या लोकांच्या स्वयंपाकघरात तो येऊन बसला. तांत्रिक उपाय सोपा होता. तूट थांबल्यावर काही आठवडे ग्रीड मुद्दाम पन्नासाच्या किंचित वर चालवली, आणि एप्रिलच्या सुरुवातीला घड्याळं जागेवर आली. वापरलेल्या विजेचे पैसे कुणी द्यायचे, हा प्रश्न मात्र अभियंत्यांच्या हातातला नव्हता.

सीमा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कुंपण, चौकी, बंदूक घेतलेला जवान येतो. ते सगळं असतंच, आणि जिथे असतं तिथे त्याचा जाच खरा असतो. पण रोजच्या जगण्यात सीमा अधिक करून भेटते ती अशी: दोन ठिकाणी दोन वेगळ्या सवयी पक्क्या झालेल्या असतात, दोन्ही आपापल्या जागी बरोबर असतात, आणि त्या नेमक्या जिथे जोडायच्या तिथे गळती लागते. ही गळती थांबवणाऱ्यांचं काम फार नीरस असतं. माझ्या मते देशादेशांतल्या सहकार्याचा कस तिथेच लागतो, शिखर परिषदांच्या फोटोंत नाही.

ऱ्हाइन नदीवर लाउफेनबुर्ग नावाचं गाव आहे. एका काठावर जर्मनीचं, दुसऱ्या काठावर स्वित्झर्लंडचं, नाव एकच. या शतकाच्या सुरुवातीला तिथे नवा पूल बांधायचं ठरलं आणि दोन्ही बाजूंनी काम सुरू झालं. जर्मनी उंची मोजते ती ॲमस्टरडॅमच्या समुद्रपातळीपासून, स्वित्झर्लंड मोजतं भूमध्य समुद्राच्या पातळीपासून. दोन्हींत २७ सेंटीमीटरचा फरक आहे. इथे गंमत अशी, की हा फरक सगळ्यांना माहीत होता आणि आराखड्यात तो धरलाही होता. फक्त अधिकच्या जागी वजा झालं. २००३मध्ये लक्षात आलं की दोन टोकांत ५४ सेंटीमीटरचं अंतर पडतंय, आणि मग एका बाजूचं काम जुळवून घ्यावं लागलं. अशा चुका अज्ञानाने क्वचितच होतात. माहिती असते, ती एका पद्धतीतून दुसरीत नेताना घात होतो. यावरचा उपाय जुनाच आहे: आकडा कुठल्या पातळीपासूनचा ते प्रत्येक नकाशावर लिहायचं, आणि काम सुरू होण्याआधी दोन्ही पथकांनी एकच खूण आपापल्या यंत्राने मोजून आकडे शेजारी-शेजारी मांडायचे.

रेल्वेत हे दुखणं पिढ्यानपिढ्या चालत आलेलं आहे. पोलंडमध्ये रुळांमधलं अंतर १४३५ मिलिमीटर, पलीकडे बेलारूसमध्ये १५२०. फरक ८५ मिलिमीटरचा. तो आणखी मोठा असता तर बरं झालं असतं, असं म्हणायची वेळ येते. कारण अंतरांत पुरेसा फरक असेल तर तिसरा रूळ टाकून एकाच मार्गावर दोन्ही प्रकारच्या गाड्या चालवता येतात. ८५ मिलिमीटरमध्ये दुसऱ्या रुळाचं बूडच मावत नाही, म्हणून चार रूळ तरी टाकावे लागतात किंवा चाकं तरी बदलावी लागतात. बेलारूसच्या सीमेवरच्या ब्रेस्त स्थानकात प्रवासी आत बसलेले असताना डबे जॅकवर उचलून खालचे चाकांचे गाडे बदलत. यात दोन-एक तास सहज जात. मालगाडीचं बहुधा वेगळं असतं: कंटेनर क्रेनने उचलून समोरच्या गाडीवर ठेवतात. धावता-धावता चाकांमधलं अंतर बदलणारे डबेही आहेत, स्पेनने ते तंत्र चांगलं मुरवलं आहे, पण अशा चाकांची देखभाल महाग पडते.

रुळांची रुंदी एक असली तरी वीज एक असेलच असं नाही. जर्मनीत १५ हजार व्होल्ट आणि १६.७ हर्ट्झ, फ्रान्सच्या बऱ्याच भागात २५ हजार व्होल्ट आणि ५० हर्ट्झ, बेल्जियममध्ये मुख्यतः तीन हजार व्होल्ट डीसी, नेदरलँड्समध्ये दीड हजार. चारही चालवणारं इंजिन बनवता येतं. दोन पुरवठ्यांच्या मधे वीज नसलेला तुकडा ठेवलेला असतो. चालक त्याआधी मुख्य स्विच पाडतो, गाडी नुसत्या वेगावर पुढे सरकते आणि पलीकडे गेल्यावर पुन्हा वीज घेते. वेग कमी पडून गाडी त्या तुकड्यातच अडकली, तर तिला ओढायला दुसरं इंजिन आणावं लागतं.

एवढं सगळं जमवूनही सीमेवर अडतो तो माणूस. युरोपीय नियमांप्रमाणे इंजिन चालकाला ज्या देशाच्या रुळांवरून जायचं तिथली भाषा साधारण बी-१ पातळीपर्यंत, म्हणजे कामापुरतं नीट बोलता-समजता येण्याइतकी, यावी लागते. नियम रास्त आहे. रात्री दोन वाजता सिग्नल बंद पडला की नियंत्रण कक्षाशी खाणाखुणांनी बोलता येत नाही. ऑगस्ट २०१७मध्ये जर्मनीत राश्टाटजवळ बोगद्याचं काम चालू असताना वरचा रेल्वेमार्ग खचला आणि ऱ्हाइनच्या खोऱ्यातली मुख्य मालवाहतूक सात आठवडे बंद पडली. शेजारी फ्रान्समधून जाणारे रूळ होते. पण त्या मार्गाची ओळख आणि फ्रेंच भाषा असलेले चालक पुरेसे नव्हते, आणि ते काही आठवड्यांत तयार होत नाहीत. रिकामे रूळ दिसत होते, इंजिनं उभी होती आणि माल तुंबला होता. संकटासाठी पर्यायी मार्ग नकाशावर आखणं वेगळं आणि त्या मार्गासाठी चालक आधीपासून शिकवून ठेवणं वेगळं. दुसऱ्यावर शांततेच्या काळात पैसे खर्च करायला कुणी तयार नसतं.

रस्त्याने जाणाऱ्या मालाची कथा कागदांची आहे. चौकीवर ट्रकची रांग लागते तेव्हा बघणाऱ्याला वाटतं तपासणी चालली असेल. बहुतेक वेळा तपासणी होत नसते, कागद जुळत नसतात. बीजकावरचं वजन आणि वजनकाट्यावरचं वजन यांत तफावत. मालाचा वर्गीकरण क्रमांक वेगळा: या क्रमांकाचे पहिले सहा आकडे जगभर सारखे असतात, पुढचे ज्याचे त्याचे, त्यामुळे निर्यातदाराने आपल्याकडचे आठ आकडे जसेच्या तसे उतरवले की पलीकडच्या अधिकाऱ्याला ती वस्तू भलतीच दिसते आणि करही भलताच. पॅकिंगच्या लाकडाचंही तसंच. लाकडातल्या किडी देश ओलांडू नयेत म्हणून पॅलेटचं लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटं तापवायचं आणि त्यावर गव्हाच्या लोंबीचं चिन्ह, देशाचा संकेत आणि प्रक्रियेची खूण असलेला शिक्का मारायचा, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. आतलं यंत्र निर्दोष असतं, कागद चोख असतात, आणि दुरुस्त केलेल्या पॅलेटची एक नवी फळी बिनशिक्क्याची निघते. सगळा कंटेनर अडतो. अनुभवी माल पाठवणारे माल भरण्याआधी पॅलेट उलटी करून बघतात, ते याचसाठी.

तीन-चार देश ओलांडायचे असतील तर प्रत्येक ठिकाणी माल उघडणं परवडत नाही. त्यासाठी टीआयआर ही आंतरराष्ट्रीय रस्ता-वाहतुकीची पद्धत आहे; सध्याचा करार १९७५चा, भारत त्यात २०१७मध्ये आला. निघतानाच्या कस्टम्स कचेरीत मालाचा कप्पा मोहोरबंद होतो आणि चालकाजवळ एक पुस्तिका येते. प्रत्येक देशासाठी तिच्यात दोन पानं: आत शिरताना एक फाडतात, बाहेर पडताना दुसरं. दोन्हींची जोडी जुळली की माल त्या देशात कुठे गळला नाही असं धरतात. जुळली नाही तर कर पुस्तिका देणाऱ्या संघटनेच्या हमीतून वसूल होतो. वाटेत अपघात झाला, मोहोर तुटली, माल दुसऱ्या ट्रकमध्ये हलवावा लागला, तर चालकाने जवळच्या कस्टम्सला किंवा पोलिसांना गाठून पुस्तिकेतल्या पिवळ्या पानावर पंचनामा करून घ्यायचा. इथेच नवखा चालक फसतो. तो आपल्या बुद्धीने दोरी बांधून पुढे निघतो, आणि पुढच्या सीमेवर प्रामाणिकपणा सिद्ध करायला त्याच्याकडे काही नसतं.

सगळ्या व्यवस्थेचा पाया एवढाच: माझ्या अधिकाऱ्याने लावलेल्या मोहोरेवर तुझा अधिकारी विश्वास ठेवेल. हे मान्य करायला देशांना किती जड जातं ते एकत्रित चौक्यांत दिसतं. झांबेझी नदीवर झांबिया आणि झिम्बाब्वे यांच्यामधल्या चिरुंडूला २००९च्या डिसेंबरमध्ये आफ्रिकेतली अशी पहिली चौकी सुरू झाली. झांबियाकडे जाणाऱ्याची दोन्ही देशांची तपासणी झांबियाच्या बाजूला, झिम्बाब्वेकडे जाणाऱ्याची झिम्बाब्वेच्या बाजूला. थांबा एकच. इमारत बांधणं त्यातलं सोपं काम होतं. आपल्या अधिकाऱ्याला परक्या जमिनीवर उभं राहून आपला कायदा चालवता यावा, यासाठी दोन्ही संसदांना कायदे करावे लागले. तिथे लाच घेताना कुणी सापडला तर खटला कुठे चालवायचा? जप्त केलेला माल कुणाच्या गोदामात ठेवायचा? हे आधी लिहून काढलं नाही तर एका छताखाली दोन चौक्या शेजारी-शेजारी बसतात आणि ट्रकवाल्याला तेच कागद दोन खिडक्यांवर द्यावे लागतात. तसं होतंही, विशेषतः दोन कचेऱ्यांचे संगणक एकमेकांशी बोलत नसतील तेव्हा.

आणीबाणीत मात्र कागदांना वेळ नसतो, तिथे हे सगळं आधीच ठरलेलं असावं लागतं. जर्मन अग्निशामकांच्या नळ्यांना स्टॉर्झ पद्धतीची जोडणी असते, फ्रेंचांच्या नळ्यांना गिलेमँ पद्धतीची. दोन्ही उत्तम, दोन्हींत नर-मादी असा भेद नाही, आणि दोन्ही एकमेकांत बसत नाहीत. सीमेजवळच्या बंबात अडॅप्टर ठेवला की प्रश्न सुटतो. अडॅप्टर ही क्षुल्लक वस्तू आहे. पण तो कुठल्या खणात आहे हे अंधारात हाताला कळायचं तर दोन्हीकडच्या जवानांनी एकत्र सराव केलेला हवा. रुग्णवाहिकेलाही पलीकडे निळा दिवा आणि सायरन वापरायचा हक्क आपोआप मिळत नाही, तिच्यातली मॉर्फीनसारखी औषधं नियमाच्या भाषेत निर्यातच होत असतात, आणि वायरलेस संच दुसऱ्याच जाळ्यावर असतो. प्रत्येकासाठी वेगळा करार लागतो.

पिरेनीज पर्वतातल्या सर्दान्या खोऱ्याने याहून पुढची उडी मारली. खोरं एक, देश दोन, लोकवस्ती तीस हजारांच्या आसपास, आणि हिवाळ्यात बर्फाने फ्रान्सच्या बाजूची मंडळी मोठ्या दवाखान्यापासून तुटायची. २०१४च्या सप्टेंबरमध्ये स्पेनच्या हद्दीत पुइचसर्दा गावात दोघांचं मिळून रुग्णालय सुरू झालं; खर्चाचा ६० टक्के वाटा कॅटलोनियाचा, ४० टक्के फ्रान्सचा. इमारत, यंत्रं, डॉक्टर सगळं जमलं. मग खरे प्रश्न आले. फ्रेंच डॉक्टरला स्पेनमध्ये काम करायचं तर तिथल्या वैद्यक मंडळाकडे नोंदणी हवी. फ्रेंच जोडप्याचं मूल घरापासून काही किलोमीटरवर जन्मलं, पण परदेशात जन्मलं, म्हणून आधी स्पॅनिश नोंद आणि मग वकिलातीमार्फत फ्रेंच नोंद.

आणि कुणी तिथे वारलं तर? मृतदेह एका देशातून दुसऱ्यात न्यायचे नियम १९७३च्या स्ट्रासबुर्ग करारात आहेत. मृतदेहाचं स्वतंत्र प्रवासपत्र लागतं. शवपेटी हवाबंद हवी: एकतर बाहेरून किमान २० मिलिमीटर जाडीची लाकडी पेटी आणि आत झाळून बंद केलेली जस्ताची पेटी, नाहीतर ३० मिलिमीटर जाडीच्या लाकडाला आतून जस्ताचा पत्रा. हे नियम लांबच्या प्रवासासाठी, रोगराई पसरू नये म्हणून केलेले आहेत आणि त्यासाठी ते योग्यच आहेत. पण डोंगरापलीकडच्या गावी जायला वीस मिनिटं लागत असताना त्याच नियमाने जस्ताची पेटी झाळून घ्यावी लागायची, म्हणजे दुःखात असलेल्या कुटुंबावर खर्च आणि खोळंबा दोन्ही. यात कुणाचा वाईट हेतू नाही. नियम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर विमान होतं, खोरं नव्हतं.

अशा प्रत्येक अडचणीचं उत्तर खोऱ्यातल्या लोकांना तोंडपाठ असतं. सही करायचा अधिकार मात्र माद्रिदमध्ये किंवा पॅरिसमध्ये असतो, आणि तिथल्या टेबलावर तीस हजार लोकांचं खोरं फार खाली असतं. सीमाभागातल्या सहकार्याबद्दल मला एकच प्रश्न विचारायला मिळाला तर मी निधी किती असं विचारणार नाही. पलीकडच्या आपल्या जोडीदाराशी फोनवर बोलून तिथल्या तिथे निर्णय घेण्याचा हक्क कुठल्या हुद्द्याच्या माणसाला आहे, हे विचारेन.

रोज सीमा ओलांडून कामाला जाणाऱ्यांचं आयुष्य तर टक्केवारीवर चालतं. युरोपीय संघाच्या नियमानुसार माणसाने आपल्या राहत्या देशात २५ टक्के किंवा त्याहून जास्त काम केलं की त्याची सामाजिक सुरक्षा, म्हणजे आजारपण, पेन्शन, बेकारी भत्ता हे सगळं, राहत्या देशाकडे जातं. घरून काम करायची प्रथा पडली आणि आठवड्यातले दोन दिवस घरी बसलेला माणूस नकळत दुसऱ्या देशाच्या विम्यात जाऊन पडायला लागला. त्याच्या मालकाला परक्या देशात वर्गणी भरण्याचं झेंगट. म्हणून १ जुलै २०२३पासून एक चौकट करार लागू झाला. त्यात सामील देशांपुरती घरून कामाची ही मर्यादा, अर्ज केल्यास, ५० टक्क्यांच्या आतपर्यंत वाढते. पण प्राप्तिकराचा हिशेब निराळाच. लक्झेंबर्गमधले जवळजवळ निम्मे नोकरदार फ्रान्स, जर्मनी आणि बेल्जियममधून येतात, आणि त्यांना वर्षाला ३४ दिवसच लक्झेंबर्गबाहेर काम करता येतं; ही मर्यादा ओलांडली तर बाहेरच्या सगळ्याच दिवसांचा कर राहत्या देशात. एकाच माणसाला विम्यासाठी टक्के मोजावे लागतात आणि करासाठी दिवस. जपून राहणारे लोक कॅलेंडर ठेवतात आणि प्रशिक्षणासाठी तिसऱ्या देशात घालवलेला दिवसही त्यात धरतात, कारण तोही मोजला जातो.

हे सगळे उघड्या सीमांचे प्रश्न, म्हणजे एका अर्थी सुखाचे. भारत आणि बांगलादेश यांच्यामध्ये १९७५च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार शून्य रेषेपासून, म्हणजे प्रत्यक्ष सीमारेषेपासून, १५० यार्डांच्या आत संरक्षणाचं बांधकाम करायचं नाही, म्हणून भारताचं कुंपण बऱ्याच ठिकाणी रेषेच्या अलीकडे, भारताच्या जमिनीतून गेलं. दीडशे यार्ड कागदावर थोडे वाटतात. पण त्या पट्ट्यात शेतं आहेत, काही ठिकाणी घरंही. शेतकरी ठरलेल्या वेळी गेटवर ओळखपत्र जमा करून आत जातो आणि गेट बंद व्हायच्या आधी परततो. पाणी द्यायची वेळ पिकाच्या सोयीने ठरत नाही, गेटच्या सोयीने ठरते. ताग उंच वाढतो आणि पलीकडचं दिसत नाही म्हणून पहारेकऱ्यांना तो कुंपणाजवळ नको असतो. शेतकऱ्याला तर तिथे तागच परवडतो. रात्री कुणाला दवाखान्यात न्यायचं तर आधी गेट उघडून घ्यावं लागतं.

याच सीमेवर मेघालय आणि त्रिपुराच्या बाजूला २०११पासून सीमा हाट सुरू झाले. पहिला मेघालयातल्या कलाईचरचा. शून्य रेषेवर ७५ मीटर लांब आणि तेवढाच रुंद चौक, दोन्ही देशांतून आत यायला वेगवेगळी दारं, विकणारे आणि घेणारे पाच किलोमीटरच्या परिघातले. भाजी, फळं, मसाले, कापड, घरगुती वस्तू. कर नाही, चलन दोन्हीकडचं चालतं. कारभार दोन्ही बाजूंच्या समित्यांकडे, आणि त्यांत जिल्हा प्रशासन, पोलीस, कस्टम्स, सीमेवरचं दल यांची स्थानिक माणसं बसतात. गाळा कुणाला द्यायचा, ओळखपत्र कुणाला, असे विषय तिथेच संपतात. एका गिऱ्हाइकाने एका दिवशी किती खरेदी करायची तो आकडा मात्र दिल्ली आणि ढाका ठरवतात, आणि ठरवतात डॉलरमध्ये: सुरुवातीला पन्नास, मग शंभर, मग दोनशे.